चौकीवरील कारभारी

इतिहास लिहिणारांची दृष्टि सामान्यतः रस्त्याकडे आणि त्या रस्त्यानें जाणाऱ्या फौजांकडे असते. रस्त्यावरच्या चौकीकडे ती फारशी वळत नाहीं. वस्तुतः रस्ता हा जमिनीचा एक पट्टा होय. त्यावरून कोणीं जावें, कोणीं थांबावें, कोणाची तपासणी व्हावी आणि दोन वाटा फुटतात तेथें कोणती धरावी, हें ठरविणारी सत्ता चौकीवर असते. मालाच्या दळणवळणाविषयीं जें खरें, तेंच निरोपांच्या दळणवळणाविषयींहि खरें आहे. तारायंत्र केव्हां आलें, टेलिफोन केव्हां आला, इंटरनेट केव्हां आलें, हें आज शाळेंतला मुलगाहि सांगेल. पण या सर्वांच्या सांध्यावर बसून निरोप इकडून तिकडे वळविणारा जो कारभारी, त्याचा इतिहास मराठींत क्वचितच वाचावयास मिळतो. आज हा कारभारी माणूस नसून स्विच नांवाच्या पेटींत राहणारें एक सॉफ्टवेअर आहे. त्याच्या अंगचे गुण एकाएकीं आलेले नाहींत. प्रत्येक गुणामागें एकादा अपघात, अविश्वास किंवा अडचण उभी आहे. तो इतिहास थोडक्यांत सांगावा आणि त्यावरून आपल्या खेड्यापाड्यांनीं काय घ्यावें तें पाहावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा उद्देश.

विवेचन हवेंत राहूं नये म्हणून एक गांव डोळ्यांपुढें ठेवूं. वाशीम जिल्ह्यांत, रिसोड तालुक्यांत, मालेगांवाहून मेहकराकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर केनवड आहे. या प्रांतास चौक्यांचा व सनदांचा अनुभव नवा नाहीं. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ती राजधानी होती. १९३९ सालीं उजेडांत आलेल्या विंध्यशक्ति द्वितीय याच्या ताम्रपटांत एक गांव दान दिल्याची नोंद आहे. वाकाटकांच्या अशा दानपत्रांत गांवाचें नांव लिहून भागत नसे. त्या गांवांत सरकारी शिपायांनीं शिरूं नये, अमुक कर घेऊं नये, अमुक वस्तु मागूं नये, अशा सवलतींची मालिकाच कोरलेली असे. कोणास प्रवेश आहे व कोणास नाहीं, याची ती तांब्यावरील यादी होय. पुढें वऱ्हाडाचा कारभार निजामाकडून १८५३ सालीं इंग्रजांकडे आला. वाशीम हा स्वतंत्र जिल्हा १९०५ सालीं अकोल्यांत विलीन झाला आणि १ जुलै १९९८ रोजीं पुन्हा वेगळा निघाला. सत्ता बदलल्या, हद्दी बदलल्या; परंतु प्रवेशाची यादी कोणाच्या हातीं, हा प्रश्न जेथल्या तेथें राहिला. आज ती यादी स्विचच्या स्मरणांत लिहिलेली असते, एवढाच काय तो फरक.

आतां मूळ कथेकडे वळूं. हिंदुस्थानांत टेलिफोनचीं सार्वजनिक केंद्रें मुंबई, कलकत्ता व मद्रास येथें १८८२ च्या जानेवारींत सुरू झालीं. त्या केंद्रांत फळीसमोर माणूस बसे. ग्राहकानें यंत्र उचललें कीं त्यानें विचारावें, ‘कोण पाहिजे?’, आणि हातांतील दोरीचें टोंक योग्य त्या भोकांत खोंचून दोन घरें जोडावीं. या माणसाच्या अंगीं आजच्या स्विचचे बहुतेक गुण होते. कोणती तार कोणाच्या घरीं जाते हें त्यास पाठ असे. गर्दीच्या वेळीं डॉक्टराचें बोलणें आधीं व गप्पा मागाहून, असा विवेक तो करी. तार तुटली तर तो वरिष्ठांस कळवी. दोष एकच, पण तो मोठा: दोघांमधील संभाषण त्यास ऐकूं येई, आणि मनांत आणल्यास एकाचें गिऱ्हाईक तो दुसऱ्याकडे वळवूं शके.

या दोषांतूनच स्वयंचलित यंत्राचा जन्म झाला असें सांगतात. अमेरिकेंतील कॅन्सस शहरीं आल्मन स्ट्रोजर नांवाचा गृहस्थ अंत्यविधीचा धंदा करी. टेलिफोनच्या केंद्रांतील बाई आपल्याकडे येणारें गिऱ्हाईक प्रतिस्पर्ध्याकडे वळविते, असा त्यास संशय आला, आणि मधल्या माणसासच काढून टाकण्याच्या ईर्ष्येनें त्यानें आपोआप जोडणी करणारें यंत्र रचलें. त्याचें पेटंट त्यास १८९१ सालीं मिळालें व दुसऱ्याच वर्षीं इंडियाना संस्थानांतील ला पोर्ट या गांवीं त्या पद्धतीचें केंद्र सुरू झालें. संशयाची हकीकत शब्दशः खरी मानावी कीं न मानावी, हा प्रश्न वेगळा. यंत्राचें तत्त्व मात्र त्या हकीकतींत पूर्णपणें आलें आहे. माणसावर विश्वास नाहीं, म्हणून यंत्र. आपल्याकडे असें पहिलें स्वयंचलित केंद्र १९१३-१४ च्या सुमारास सिमल्यास बसलें, म्हणजे सरकारच्या उन्हाळी राजधानींत. खेड्यास त्यानंतर पाऊणशें वर्षें वाट पाहावी लागली.

खेड्याची पाळी आली ती १९८६ सालीं. १९८४ च्या ऑगस्टांत स्थापन झालेल्या ‘सी-डॉट’ या सरकारी संस्थेनें खेड्यासाठीं १२८ लाइनींचें एक लहान केंद्र तयार केलें व त्यांतील पहिलें बेळगांव जिल्ह्यांतील कित्तूर येथें बसविलें. परदेशी केंद्रांस थंडगार खोली लागे. हें केंद्र धुळींत व उकाड्यांत चालावें अशा बेतानें रचलें होतें. शिवाय त्याची जोडणी लोखंडी दांड्यांच्या हालचालीनें न होतां स्मरणांत साठविलेल्या आज्ञांनीं होई. फळीवरचा माणूस जाऊन दांड्या आल्या होत्या, आतां दांड्या जाऊन लिहिलेला मजकूर आला. कारभार पुन्हा एकदां ‘लेखी’ झाला. आणि या एका ठिकाणीं तरी तो लेख आपल्याच देशांतील लोकांनीं लिहिलेला होता.

संगणकांच्या जाळ्याची गोष्ट निराळ्या वाटेनें सुरू होते. १९७३ सालीं झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियांतील प्रयोगशाळेंत रॉबर्ट मेटकाफ यानें ईथरनेटची योजना मांडली व डेव्हिड बॉग्ज याच्या साह्यानें ती प्रत्यक्षांत आणली. तिचें स्वरूप चावडीवरील सभेसारखें होतें. सर्व संगणक एकाच तारेवर. एकानें बोलावें, सर्वांनीं ऐकावें, ज्याच्या नांवें निरोप असेल त्यानें तो घ्यावा आणि दोघे एकदम बोलूं लागले तर दोघांनींहि थांबून क्षणभरानें पुन्हा आरंभ करावा. माणसें थोडीं असतां सभा उत्तम चालते, दोनशें झालीं कीं गोंगाट होतो. तसेंच येथें झालें. म्हणून सभेचे भाग पाडून मध्यें एक शहाणा द्वारपाल बसविण्याची कल्पना निघाली. प्रत्येक संगणकाच्या जोडणीस कारखान्यांतूनच एक ४८ बिटांचा पत्ता मिळालेला असतो. कोणत्या दारानें कोणाचा आवाज येतो हें द्वारपालानें नुसतें ऐकत राहावें, तशी नोंद ठेवावी, आणि निरोप आला कीं तो त्याच दारानें सोडावा, इतरांस त्रास देऊं नये. ज्याचा ठिकाणा माहीत नाहीं त्याच्यासाठीं मात्र सर्व दारांवर दवंडी पिटावी. पांच मिनिटें कोणाचा आवाज आला नाहीं तर त्याची नोंद पुसावी, हाहि प्रघात तेव्हांपासूनचाच.

या द्वारपालास आज आपण स्विच म्हणतों, आणि त्या जातीचें पहिलें बाजारी यंत्र १९९० सालीं ज्या कंपनीनें आणलें तिचें नांव वाचून मराठी वाचकास कौतुक वाटेल. त्या कंपनीचें नांव ‘कल्पना’. विनोद भारद्वाज हे तिचे एक संस्थापक, आणि हें नांव त्यांच्या पत्नीचें. त्या यंत्रास सात पोर्ट होते. १९९४ सालीं सिस्को कंपनीनें ‘कल्पना’ विकत घेतली, आणि नांव बाजारांतून नाहींसें झालें. स्विच शब्द मात्र राहिला. दिव्याच्या बटणाचें नांव या पेटीस मिळालें, आणि दोहोंमध्यें भलतेंच अंतर पडलें. बटणास दोनच गोष्टी समजतात. या पेटीस राज्यकारभार समजावा लागतो.

राज्यकारभार कां, तें आतां पाहूं. दोन द्वारपालांमध्यें एकच तार असेल व ती तुटली तर अर्धें जाळें बंद पडतें. म्हणून शहाण्या माणसानें दुसरी तार जोडली. जोडतांच अनर्थ झाला. पहिल्यानें दवंडी पिटली, ती दुसऱ्यानें ऐकून दुसऱ्या तारेनें परत पिटली, पहिल्यानें पुन्हा पिटली, आणि एका दवंडीच्या लक्षावधि होऊन जाळें गुदमरलें. इंटरनेटच्या पाकिटावर त्याचें आयुष्य आंकड्यांत लिहिलेलें असतें. प्रत्येक मुक्कामीं एक वजा होतो व शून्य झाला कीं पाकीट मरतें. ईथरनेटच्या पाकिटावर असा आंकडाच नाहीं. तें फेऱ्यांत सांपडलें तर थांबविणारें कोणी नाहीं. सोयीसाठीं जोडलेली दुसरी तार अशा रीतीनें घाताची ठरली.

यावर तोड काढली ती रेडिया पर्लमन या विदुषीनें, १९८५ सालीं. तिची रीत अशी: सर्व स्विचांनीं आपसांत निरोप पाठवून एकास राजा निवडावें, प्रत्येकानें राजाकडे जाणारी आपली सर्वांत जवळची वाट ठरवावी, बाकीच्या वाटा तोडूं नयेत, पण झांकून ठेवाव्या, आणि चालू वाट तुटली तरच झांकलेली उघडावी. जाळ्याचा अशा रीतीनें वृक्ष होतो: वृक्षाच्या दोन फांद्या पुन्हा एकमेकींस मिळत नाहींत, म्हणून फेरा उरत नाहीं. ज्या निबंधांत तिनें हा शोध मांडला, त्यांत तिनें त्या रीतीवर एक लहानशी कविताहि घातली. गणित आणि काव्य यांचें हाडवैर मानणारांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. १९९० सालीं ही रीत सर्वमान्य नियमांत आली. पहिल्या रूपांत वाट बदलण्यास पन्नास सेकंदांपर्यंत वेळ लागे. २००१ सालच्या सुधारणेनें तो बहुधा कांहीं सेकंदांच्या आंत आला.

या निवडणुकींतील एक खोंच मात्र सांगितली पाहिजे. ज्याचा क्रमांक लहान तो राजा, असा नियम आहे. कारभाऱ्यानें आपल्या हातानें क्रमांक नेमून दिला नाहीं, तर सर्वांचा तो सारखाच ३२७६८ असतो, आणि मग निवाडा कारखान्यांतील पत्त्यावर होतो. जुन्या यंत्रांचे पत्ते पुष्कळदां लहान असतात. परिणामीं कोपऱ्यांत धूळ खात पडलेली सर्वांत जुनी व मंद पेटी राजपदीं चढते, आणि नव्या, समर्थ यंत्रांचा सारा माल तिच्या दारावरून जाऊं लागतो. लक्ष घालणारा कोणी नसला कीं ज्येष्ठता हीच योग्यता ठरते. हा अनुभव केवळ यंत्रांचा नव्हे.

दुर्लक्षाची किंमत किती होते, याचें उदाहरण १३ नोव्हेंबर २००२ रोजीं अमेरिकेंत बोस्टन शहरांतील बेथ इस्रायल डीकोनेस या मोठ्या रुग्णालयांत घडलें. तेथील जाळें वर्षानुवर्षें एकास एक जोडत वाढविलें होतें. वृक्षाची लांबी नियमानें घातलेल्या मर्यादेच्या पुढें गेली, झांकलेल्या वाटा वेळेवर झांकल्या जाईनात आणि दवंड्यांचें वादळ उठलें. सुमारें चार दिवस रुग्णालय कागदावर आलें. तपासण्यांचे निकाल माणसांनीं हातानें पोंचविले. यंत्रें सर्व शाबूत होतीं, तारा शाबूत होत्या. चुकली ती केवळ रचना, आणि ती चुकत चालली आहे हें पाहणारा डोळा नव्हता.

दुसरा गुण विभागणीचा. एकाच इमारतींत हिशेबाचें खातें, शाळा व बाहेरचा पाहुणा असे तिघे असले तर तिघांस तीन स्वतंत्र जाळीं विणणें परवडत नाहीं. बेल कंपनीच्या परंपरेंतील बेलकोर या प्रयोगशाळेंत डेव्हिड सिंकोस्की यानें या दिशेनें विचार केला, आणि १९९८ सालीं त्याचा सर्वमान्य नियम झाला. प्रत्येक पाकिटावर एक लहानशी चिठ्ठी लावावयाची. तिच्यावर बारा बिटांचा आंकडा. त्यांतून ४०९४ वेगवेगळीं जाळीं एकाच तारेंतून नेतां येतात आणि एकाचा निरोप दुसऱ्यास दिसत नाहीं. जुन्या वाड्याशीं याचें साम्य आहे. दरवाजा एक, आड एक. पण चौक वेगळे, आणि पुढल्या चौकांतल्या पाहुण्यास माजघरांत काय चाललें आहे तें दिसत नाहीं. ग्रामपंचायतीच्या खोलींत एकच तार येत असेल, आणि तिच्यावरच पंचायतीचा हिशेब, आरोग्य उपकेंद्राची नोंद आणि चौकांतील मुलांचें इंटरनेट हीं तिन्ही चालावयाचीं असतील, तर मधली भिंत ही चिठ्ठीच होय. ती लावली नसेल तर दारांत उभा असलेला कोणीहि माजघरांत शिरला म्हणून समजावें.

तिसरा गुण दुरून देखरेख करण्याचा, आणि येथें आपल्या कथेचें वर्तुळ विलक्षण रीतीनें वळतें. स्ट्रोजरनें माणसास काढून टाकण्यासाठीं यंत्र केलें. पण यंत्रें हजारों झालीं तेव्हां त्यांच्यावर नजर ठेवण्यासाठीं माणूस परत आणावा लागला. फरक इतकाच कीं आतां तो फळीसमोर न बसतां शेंकडों कोस दूर बसूं लागला. १९८८ सालीं यासाठीं एक सोपी बोली ठरविण्यांत आली. दूरचा माणूस विचारतो, ‘तुझ्या तिसऱ्या दारानें किती माल गेला?’ आणि पेटी उत्तर देते. तार तुटली तर पेटी न विचारतांच हांक मारते. बोली सोपी, पण तिचें कुलूप नांवापुरतें होतें. ओळखीचा सांकेतिक शब्द उघड्यावर जाई आणि तो पुष्कळ पेट्यांत कारखान्यांतून घातलेला एकच असे: वाचण्यासाठीं ‘पब्लिक’, लिहिण्यासाठीं ‘प्रायव्हेट’. किल्ली उंबऱ्यावर ठेवून बाहेर पाटी लावण्यासारखाच हा प्रकार. खऱ्या कुलुपाची व्यवस्था सर्वमान्य नियमांत येईपर्यंत २००२ साल संपत आलें. पेटीस आज्ञा देण्याची जुनी रीतहि अशीच उघडी होती. १९९५ सालीं हेलसिंकीच्या तांत्रिक विद्यापीठांत पासवर्ड चोरीस गेल्यावर टाटू युलोनेन यानें सर्व संभाषण गुप्त लिपींत करणारी रीत तयार केली, आणि तीच आज सर्वत्र चालते.

सोयीचा गुणच घातकी कसा होतो याचा दाखला फार जुना नाहीं. नवी पेटी दूरच्या गांवीं पाठवावी, तेथें कोणीं तरी नुसती वीज जोडावी आणि पेटीनें आपली सर्व रचना मुख्य ठिकाणाहून आपोआप ओढून घ्यावी, अशी सोय सिस्कोनें आपल्या स्विचांत ठेविली होती. जेथें जाणता माणूस नाहीं तेथें ही सोय वरदानासारखी. परंतु आज्ञा देणारा खरा कोण, हें विचारण्याची तींत व्यवस्था नव्हती, आणि काम झाल्यावर ती बंद करण्याचें पुष्कळांस सुचलें नाहीं. एप्रिल २०१८ मध्यें अज्ञात इसमांनीं याच दारानें शिरून अनेक देशांतील स्विचांची रचना पुसून टाकली. एकट्या इराणांत साडेतीन हजारांच्या सुमारास स्विच बाधित झाल्याचें जाहीर झालें. फळीवरील बाई एकाचें गिऱ्हाईक दुसऱ्याकडे वळवी असा संशय होता; येथें न दिसणाऱ्या हातानें सारी फळीच पुसली.

चौथा गुण स्मरणाचा. आणि वीज ज्या भागांत वारंवार जाते तेथें त्याची महती अधिक. स्विचास दोन वह्या असतात. एक चालू, जिच्याप्रमाणें तो या क्षणीं वागतो; दुसरी जपून ठेवलेली, जी तो जागा होतांना वाचतो. पुष्कळ यंत्रांत चालू वहींत केलेला बदल जपून ठेवलेल्या वहींत मुद्दाम उतरवावा लागतो. तो उतरविण्याचें राहिलें तर महिनोन्महिने कांहींच कळत नाहीं. मग एके रात्रीं वीज जाते, पेटी पुन्हा जागी होते आणि सहा महिन्यांपूर्वींचा कारभार चालूं लागतो. काल चालणारी सोय आज बंद कां, हें कोणासच उमगत नाहीं. याहून नाजूक प्रसंग दुरून बदल करतांना येतो. एक चुकीची आज्ञा द्यावी आणि जिच्यावरून आज्ञा दिली तीच वाट बंद व्हावी, म्हणजे बसल्या फांदीवर कुऱ्हाड. यावर जुनिपर कंपनीच्या सॉफ्टवेअरांत एक मार्मिक उपाय आहे. बदल करतांना पेटीस सांगावें कीं, ‘दहा मिनिटांत मीं पुन्हा होकार दिला नाहीं तर जुनें तेंच ठेव.’ वाट तुटली तर होकार पोंचत नाहीं, आणि पेटी आपण होऊन मागल्या स्थितीस येते. आपण चुकूं शकतों हें आधींच धरून चालणें, हा या साऱ्या कारभारांतील सर्वांत शहाणा नियम म्हणावा लागेल.

महाराष्ट्रांत संगणकांच्या जाळ्याचा आरंभ मुंबईस झाला. १९८६ सालीं केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्यानें संयुक्त राष्ट्रांच्या साह्यानें ‘अर्नेट’ ही योजना हातीं घेतली. जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि पवईची आय. आय. टी. या दोन संस्था तींत अग्रभागीं होत्या, आणि त्या केंद्राचे संचालक श्रीनिवासन रमणी यांचें नांव या कार्याशीं कायमचें जोडलें गेलें आहे. सामान्य जनांस इंटरनेट मिळालें तें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं, विदेश संचार निगमाच्या द्वारें. पण मुंबईहून केनवडासारख्या गांवांकडे जाण्याची सरकारी योजना निघण्यास आणखी सोळा वर्षें गेलीं. २५ ऑक्टोबर २०११ रोजीं केंद्रीय मंत्रिमंडळानें देशांतील सुमारें अडीच लक्ष ग्रामपंचायतींपर्यंत कांचेची तार नेण्याचा ठराव केला. तीच योजना पुढें ‘भारतनेट’ या नांवानें प्रसिद्ध झाली. तालुक्याच्या ठिकाणीं एक मोठी पेटी, तिच्यांतून निघालेल्या एका तंतूचे वाटेंत फांटे, आणि प्रत्येक फांट्याच्या शेवटीं पंचायतींत एक लहान पेटी, अशी तिची मांडणी. तालुक्याहून सुटलेला प्रकाश सर्व पंचायतींच्या दारीं सारखाच जातो. आपल्या नांवाचा निरोप तेवढा उघडावयाचा, बाकीचे गुप्त लिपींत असतात. परत बोलतांना मात्र प्रत्येकीनें नेमून दिलेल्या क्षणींच बोलावयाचें. चावडीवरील सभेची जुनी कल्पनाच येथें शिस्त लावून पुन्हा आली आहे.

सरळ रेषेंत टाकलेल्या या तारेचा दोष कामांत दिसून आला. रस्ता रुंद करतांना कोठें कुदळ लागली, कीं त्यापुढील सर्व गांवें अंधारांत. ऑगस्ट २०२३ मध्यें मंजूर झालेल्या सुधारित योजनेंत, जिचा खर्च १,३९,५७९ कोटि रुपये धरला आहे, रेषेऐवजीं फेर घालावा असें ठरलें. एका बाजूनें तुटलें तर दुसऱ्या बाजूनें निरोप जावा. वाचकांच्या लक्षांत येईलच कीं ही ती दुसरी तार, जिनें एके काळीं वादळ उठविलें. ती आतां निर्भयपणें घालतां येते, कारण पाकिटाचें आयुष्य मोजणारे व वाट हिशेबानें निवडणारे राउटर त्या फेरावर बसवावयाचे आहेत. एका पिढीनें जो अपघात सोसला, त्याच्या ज्ञानावर दुसऱ्या पिढीची सोय उभी राहते.

येथवरच्या इतिहासाचा सारांश काय? स्विचाच्या सॉफ्टवेअरचे गुण विक्रीच्या पत्रकांत एकाखालीं एक छापलेले असतात, आणि वाचणारास वाटतें कीं ही अलंकारांची यादी आहे. वस्तुतः ती अपघातांची बखर आहे. वृक्षाचा नियम आहे, कारण फेऱ्यानें जाळीं बुडालीं; चिठ्ठी आहे, कारण परक्यानें घर पाहिलें; गुप्त लिपि आहे, कारण पासवर्ड चोरीस गेले; होकाराची मुदत आहे, कारण कोणी तरी स्वतःस बाहेर कोंडून घेतलें. परंतु गुण पेटींत असणें निराळें आणि तो वापरांत असणें निराळें. राजाचा क्रमांक नेमला नाहीं, कारखान्याचा पासवर्ड बदलला नाहीं, चालू वही जपून ठेवलेल्या वहींत उतरविली नाहीं, तर उत्तम पेटी आणि साधी पेटी यांत किमतीपलीकडे भेद उरत नाहीं.

येथें कोणी म्हणेल, कीं शेतकऱ्यास या गोष्टींचें काय होय? आगगाडींत बसणारास इंजिनाचें ज्ञान लागत नाहीं. म्हणणें खरें आहे. पण स्टेशनावर स्टेशनमास्तर असतो, आणि गाडी कां थांबली हें प्रवासी त्यास विचारूं शकतो. सातबाऱ्याचा उतारा, पीक विम्याचा अर्ज, निराधारांच्या योजनेचे पैसे, हीं सर्व कामें आज या तारेवर आलीं आहेत. विम्याच्या मुदतीच्या शेवटच्या दिवशीं जाळें बंद पडलें, तर नुकसान पेटीचें होत नाहीं, सोयाबीनवाल्याचें होतें. आणि मुदत त्याच्यासाठीं थांबत नाहीं. त्या दिवशीं पंचायतींत जाऊन ‘कां बंद आहे?’ असें त्यानें विचारलें, तर दिवा लाल आहे यापलीकडे उत्तर देणारा माणूस तेथें असतो काय? फळीवरचा माणूस पक्षपाती असेल, पण तो समोर होता; त्याच्याशीं भांडतां तरी येत असे. दूरच्या कारभाऱ्याशीं भांडण्याचीहि सोय नाहीं.

म्हणून मागणी मोठी नाहीं, पण ती निश्चित आहे. प्रत्येक पंचायतीच्या दप्तरांत तिच्या पेटीची रचना मराठींत लिहिलेली असावी: कोणती तार कोठून येते, कोणता पोर्ट कोणाचा, बिघाड कोणास कळवावा, शेवटचा बदल केव्हां झाला. पासवर्ड अर्थातच तींत लिहूं नये. तालुक्यांतील आय. टी. आय. व तंत्रनिकेतनांतून निघणाऱ्या मुलामुलींपैकीं दोघांचौघांस तरी ही विद्या मराठींतून शिकवावी. आज्ञेचे शब्द इंग्रजी असले तरी त्यामागील अर्थ मराठींत सांगतां येत नाहीं असें नाहीं, हें वरील विवेचनावरून दिसून आलेंच असेल. शिवकालीं राज्यव्यवहारकोश झाला तो याच गरजेंतून. कारभार ज्या भाषेंत चालतो ती भाषा प्रजेस कळली पाहिजे, हें त्या वेळीं राज्यकर्त्यांस कळलें होतें.

वत्सगुल्माच्या राजानें दिलेली सनद तांब्यावर कोरलेली होती, आणि ती ज्याच्या हक्काची त्यासच दिलेली होती. म्हणून सोळाशें वर्षांनीं देखील ती वाचतां आली. केनवडासारख्या गांवाच्या दारीं येणाऱ्या निरोपांची आजची सनद कोठल्या तरी दूरच्या यंत्रांत असते. ती तांब्यावर कोरावी असें कोणी म्हणणार नाहीं. पण तिची एक प्रत, वाचतां येईल अशा भाषेंत, गांवाच्या दप्तरीं असावी, एवढें म्हणण्यास हरकत नसावी.